शेवटचा अंतरा कुठे गेला? भीमगीतांच्या डीजे रिमिक्सला काही प्रश्न

मार्च संपत आला की मोबाईलवर 'जयंती स्पेशल नॉनस्टॉप' यायला लागतात. निळ्या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी कुठल्यातरी डीजेचे चमचमणारे नाव आणि खाली ओळ : जुनी भीमगीते, नवा बेस. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांच्या आवाजातली कॅसेटच्या जमान्यातली गाणी एकाच ठेक्यावर कापून जोडलेली असतात. मुखडा येतो, पुन्हा तोच मुखडा येतो, मग सायरन, मग डीजेचे नाव घुमते, मग 'जय भीम'ची आरोळी, पुन्हा मुखडा आणि लगेच पुढचे गाणे. अंतरा क्वचित येतो. आलाच तर पहिला. शेवटचा कधीच नाही.

आमचे भांडण या शेवटच्या अंतऱ्यावरून आहे. ते मांडण्याआधी आम्ही कुणाच्या रांगेत उभे नाही, हे सांगून टाकणे भाग आहे. कारण भीमजयंतीच्या डीजेवर बोलायला तोंड उघडले की एक विशिष्ट वर्ग लगेच मान डोलवू लागतो. त्याला एप्रिल महिन्यातच कानाचा त्रास होतो, एप्रिलमध्येच रस्ता अडतो आणि एप्रिलमध्येच 'महापुरुषांचे विचार डोक्यात घ्या' हा उपदेश सुचतो. सप्टेंबरमध्ये दहा दिवस त्याच आवाजाला हा वर्ग परंपरा म्हणतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सगळ्यांना सारखे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहानंतर भोंगे बंद. ते पाळायचे तर बारा महिने पाळू, आणि पाळलेच पाहिजेत. वस्तीत म्हातारी माणसे आहेत, बाळंतिणी आहेत, परीक्षेला बसलेली मुले आहेत. पण जयंतीच तेवढी 'धिंगाणा' आणि बाकी सगळे 'उत्सव', ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

दुसरे असे की रस्त्यावर वाजतगाजत निघणे ही आपल्यासाठी चैनीची गोष्ट कधीच नव्हती. जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात पहिली जयंती साजरी केली, त्याला आता शतक होत आले. पण २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत आपल्या समाजातल्या एका नर्सिंग शिकणाऱ्या तरुणाचा जीव गेला, तो मोबाईलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून. २०२३ च्या जूनमध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका तरुणाचा खून झाला. गावात जयंती काढल्याचा राग त्यामागे होता, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले. नांदेड आमच्या वाशिम जिल्ह्यापासून लांब नाही. अशा मुलखात मुले निळा झेंडा घेऊन भर चौकात नाचतात, तेव्हा त्या नाचण्याला अर्थ असतो. ज्यांना गावच्या रस्त्यावरून ताठ मानेने चालू दिले गेले नाही, त्यांची नातवंडे त्याच रस्त्यावर नाचतात. त्यांना 'नाचू नका' सांगणारे आम्ही कोण?

तेव्हा नाच मान्य. बेस मान्य. ट्रकभर बॉक्स आणि डोळे दिपवणारे लाइटही एक वेळ मान्य. मग उरते काय?

शिर्डीच्या घटनेकडे पुन्हा पाहा. त्या मुलाच्या मोबाईलवर नुसता ठेका वाजला असता तर कुणाचे काय बिघडले असते? ठेक्याला जात नसते. झोंबले ते शब्द. आणि रिमिक्समध्ये आज नेमके तेच कापले जात आहेत, तेही शत्रूच्या हाताने नव्हे, आपल्याच मंडळाने दिलेल्या सुपारीतून.

भीमगीतात शब्द आले कुठून, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. सत्यशोधकी जलशांचा वारसा घेऊन आंबेडकरी जलसे १९३० च्या आसपास उभे राहिले. नाशिक भागात भीमराव कर्डक यांचा जलसा गाजला. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणाल्याचे चळवळीत आजही सांगितले जाते. या जलशांनी केले काय? ढोलकी तमाशाचीच ठेवली, सोंग ठेवले, हशा ठेवला, चालीही लोकांच्या ओठांवरच्याच ठेवल्या. बदलले ते शब्द. गणातला गणपती गेला, गवळणीतले कृष्णाने वाट अडवणे गेले आणि त्या जागी शाळा आली, पाणवठा आला, मंदिरप्रवेश आला, गावकीची कामे नाकारणे आले. ज्या कलेत आपल्या माणसांना नाचवले जात होते, तीच कला आपल्या माणसांनी उलटी फिरवली.

पुढे वामनदादा कर्डक आले. (आडनाव एक असले तरी भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा वेगळे, नव्या पोरांचा येथे नेहमी गोंधळ होतो.) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मोठेपणी अक्षर शिकला. त्यांचे पहिले गीत १९४३ सालचे, आणि तेही एका हिंदी गाण्याचे विडंबन. नंतर हजारो गीते. त्यांतली कितीतरी लोकांना आधीच पाठ असलेल्या चालींवर बांधलेली. गाव नवे, माणसे दमलेली, वाद्य म्हणजे एक ढोलकी किंवा नुसती ताटली. चाल ओळखीची असली की पहिल्याच रात्री शब्द तोंडी बसत. त्यामागे हा हिशेब होता.

म्हणजे ज्याला आज रिमिक्स म्हणतात ते आपल्याकडे नवे नाही. आपले आजोबा तेच करत होते. फरक एवढाच की ते दुसऱ्याची चाल घेऊन तीत आपले शब्द भरत, आणि आज आपलेच शब्द काढून दुसऱ्याचा ठेका भरला जातो.

यावर एक हुशार प्रश्न हमखास येतो : तुमच्या गायकांनी सिनेमाच्या चाली उचलल्या तेव्हा संगीतकाराला विचारले होते काय? नव्हते विचारले. पण कुणाचे घेतले आणि त्याचे काय गेले, हेही बघा. सिनेमाच्या संगीतकाराचे नाव रेडिओवर दिवसातून दहादा येत होते, पडद्यावर मोठ्या अक्षरांत येत होते. चौकातल्या पार्टीने त्याची चाल गायली म्हणून त्याची भाकरी कमी झाली नाही की नाव पुसले गेले नाही. उलट वामनदादांच्या गीताची गोष्ट घ्या. त्या कवीकडे नाव टिकवायला रेडिओ नव्हता, पडदा नव्हता, छापखाना तर फार उशिरा आला. त्याच्याकडे एकच जागा होती : गीताचा शेवटचा अंतरा.

भीमगीते ऐकत वाढलेल्यांना हे ठाऊक आहे. संतांच्या अभंगात जशी शेवटी नाममुद्रा असते तशी आपल्या कवींचीही असते. वामनदादा शेवटच्या कडव्यात स्वतःला 'वामन' म्हणून हाक मारतात, स्वतःशी बोलतात, कधी स्वतःलाच कामाला लावतात. त्यांच्या एका संग्रहाचे नावच 'हे गीत वामनाचे' असे आहे. इतर कवींनीही ही रीत पाळली. गाणारा कुणीही असो, गाव कुठलेही असो, शेवटच्या कडव्यापर्यंत गेले की कवीचे नाव घ्यावेच लागे, नाहीतर यमक मोडे. कागदाविना, करारपत्राविना, वकिलाविना आपल्या माणसांनी शोधलेली ही सही होती. अक्षरओळख नसलेल्या गायकाच्या तोंडूनही ती सुटत नसे.

डीजे कापतो ते नेमके हेच कडवे. त्याच्या मनात काही कपट असते असे आम्ही म्हणत नाही. त्याला मिनिटाला ठरावीक ठोके हवेत, नाचणाऱ्यांचा दम सुटायच्या आत मुखडा परत हवा, आणि शेवटचे कडवे तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला येते, म्हणून ते जाते. आणि ज्या जागी वामन म्हणायचे, त्या जागी घुमणाऱ्या आवाजात डीजेचे नाव येते. कवीची सही खोडून वर दुसऱ्याची सही. कागदावर असे केले तर त्याला काय म्हणतात, ते तलाठ्याला विचारा.

आता जरा बाहेरच्या जगात पाहू, कारण 'रिमिक्स म्हणजे असेच असते' हे उत्तर आम्हाला वारंवार ऐकायला मिळते. असेच नसते. १९८७ साली मॅडोना या अमेरिकन पॉप गायिकेने 'यू कॅन डान्स' नावाचा अल्बम काढला. आधीच्या गाण्यांचे नाचासाठी लांबवलेले रिमिक्स, आणि त्यात एखादेच नवे गाणे. जगभर लाखांनी खपला. पण त्यावर नाव कुणाचे होते? तिचेच. गाणी तिच्या आधीच्या अल्बममधली, आवाज तिचा, गीतकारांची नावे छापलेली, हिशेब ठरलेला. डीजे होते, त्यांचीही नावे होती, पण गाणारीच्या आणि लिहिणाऱ्यांच्या नावाखाली. त्या बाजारातही कलावंतांवर अन्याय झाले, काळ्या संगीतकारांवर तर फारच झाले. तरी नाचाचा अल्बम काढायचा म्हणजे मूळ माणसाला पुसून टाकायचे, असा काही नियम संगीतात नाही, एवढे यावरून कळते.

आपल्या देशातही याच पद्धतीने नाव गळाल्याचे अगदी ताजे उदाहरण आहे. २०२१ साली 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणे जगभर गाजले. अरिवु या आंबेडकरी कवी-रॅपरने आपल्या आजीच्या भूमिहीनतेची, चहामळ्यातल्या मजुरीची कहाणी त्यात घातली होती. गाणे मोठे झाले. एका परदेशी डीजेने त्याचे रिमिक्स केले, त्याची जाहिरात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये झळकली आणि तीत अरिवुचे नाव नव्हते. 'रोलिंग स्टोन इंडिया'ने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या गाण्याचा उल्लेख करत मुखपृष्ठ काढले, त्यावरही अरिवु नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी उघड जाब विचारला तेव्हा चर्चा झाली. आजीची कहाणी चालते, ठेका चालतो, नातू चालत नाही! आपण सगळ्यांनी तेव्हा मोबाईलवर अरिवुच्या बाजूने लिहिले, ते योग्यच केले. मग आपल्या चौकात वामनदादांच्या बाजूने कोण लिहिणार?

'गाणे समाजाचे आहे, कवीचे नाव कशाला?' असे म्हणणारेही आहेत, आणि ते परके नाहीत, आपले प्रामाणिक कार्यकर्ते आहेत. त्यांना आम्ही आदराने सांगू इच्छितो की निनावी राहणे हे आपल्या वाट्याला आलेले जुने दुखणे आहे. विहीर आपल्या माणसांनी खोदली, नाव पाटलाचे. हलगी आपल्या माणसांनी वाजवली, मिरवणूक दुसऱ्याची. श्रम करणाऱ्याचे नाव न घेणे ही जातव्यवस्थेची सवय आहे. ती आपण जयंतीच्या दिवशी का पाळावी? 'तूच सुखकर्ता' हे प्रल्हाद शिंदेंनी गायलेले गाणे गणेशोत्सवात महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंडपात वाजते. ते हरेंद्र जाधव यांनी लिहिले. तेच हरेंद्र जाधव ज्यांनी आयुष्यभर भीमगीते लिहिली आणि जे २०२२ साली गेले. किती मंडपांना हे माहीत आहे? मंडपांचे सोडा, किती विहारांना माहीत आहे?

कायद्याबद्दलही थोडे बोलू, कारण आपल्याकडे 'जुने गाणे म्हणजे फुकटचे गाणे' असा समज पक्का झाला आहे. प्रताधिकाराचा कायदा १९५७ चा आहे. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या शब्दांवर हक्क चालतो. वामनदादा २००४ साली गेले. म्हणजे त्यांचे शब्द २०६४ संपेपर्यंत संरक्षित आहेत. जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज उचलून त्यावर ठेका चढवायचा तर ज्याच्याकडे त्या मुद्रणाचा हक्क आहे त्याची परवानगी लागते. गाणे दुसऱ्या गायकाकडून नव्याने गाऊन घ्यायचे तर २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१-सी आणले. मूळ मुद्रणाला पाच वर्षे व्हावी लागतात, मानधन आगाऊ द्यावे लागते, आणि तांत्रिक गरजेपलीकडे मूळ रचनेत बदल करता येत नाही. कलम ५७ तर आपल्यासाठी सोन्याचे आहे. हक्क विकून टाकला तरी रचना आपली आहे हे सांगण्याचा आणि तिची मानहानी होईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार कवीकडेच राहतो, आणि त्याच्यामागे तो वारसांना वापरता येतो.

कॅसेटच्या काळात आपल्या बहुतेक कवींच्या हातावर एकदाच काहीतरी ठेवले गेले, कागद झाले असतील तर ते कंपनीच्या भाषेत झाले. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली, भीमगीत घराघरात गेले, हा तिचा उपकार आम्ही नाकारत नाही. पण कंपनी मोठी झाली आणि कवी चाळीतच राहिला. आता कॅसेट गेली, मोबाईल आला, आणि जाहिरातीचे पैसे ज्याने गाणे चढवले त्याच्या खात्यात जातात. कवीच्या नातवाला त्यातला रुपया दिसत नाही. शब्द कापले, नाव कापले, पैसा तर आधीच कापलेला होता.

२००२ साली 'कांटा लगा'चे रिमिक्स आले तेव्हा देशभर गदारोळ झाला होता, तो आठवा. १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातले लताबाईंचे गाणे. चर्चा कशाची झाली? नाचणाऱ्या मुलीच्या कपड्यांची. संस्कृती बुडाली म्हणून लेखांवर लेख आले. मूळ गाण्याच्या कवीला विचारले का, हा प्रश्न त्या गोंधळात कुठल्या कुठे गेला. आजही जयंतीच्या रिमिक्सवर टीका होते तेव्हा सूर तोच असतो : पोरी नाचतात, पोरे शर्ट काढतात. नाचू द्या हो पोरींना! सासुरवाशिणीला, शिकणाऱ्या पोरीला भर रस्त्यात मोकळेपणी नाचता येते असे वर्षातले दिवस तरी किती?

आता आमच्या मालेगावाबद्दल. मालेगाव म्हटले की लोक नाशिककडे बघतात. आमचे मालेगाव वाशिम जिल्ह्यातले, अकोला-वाशिम रस्त्यावरचे. सोयाबीन-तुरीचा तालुका. हंगाम संपला की वस्तीतली निम्मी तरुण पोरे पुण्या-मुंबईकडे कामाला, आणि एप्रिलमध्ये जयंतीला परत. या भागात गायन पार्ट्यांची मोठी परंपरा आहे. हार्मोनियम, ढोलक, बेंजो, दोन-तीन कोरस आणि एक खणखणीत गळा. दोन पार्ट्यांचा सामना लागला की त्याला आमच्याकडे दुय्यम कव्वाली म्हणतात. एका पार्टीने इतिहासातला प्रश्न गाण्यात टाकायचा, दुसरीने गाण्यातच उत्तर द्यायचे. महाडच्या तळ्यावर काय घडले, पुणे करारात काय गमावले, येवल्याला बाबासाहेबांनी काय जाहीर केले, रमाईने घर कसे चालवले. हे सगळे शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेले असते. वस्तीतल्या बाईला मात्र ते तपशिलाने माहीत असते, कारण तिने ते रात्रभर जागून ऐकलेले असते. शर्मिला रेगे यांनी जयंतीची गाणी आणि पुस्तिका यांवर गंभीरपणे लिहिले, तेव्हा हेच दाखवले होते. ज्याला बाहेरचे लोक नुसती भक्ती म्हणून हिणवतात, त्यात समाजाची स्वतःची ज्ञानव्यवस्था आहे. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना आम्ही ते वाचले, पण वाचताना सारखे वाटत होते की हे तर आपल्या आजीला ठाऊक होते.

आता ती व्यवस्था कशी चालली आहे ते सांगतो. तालुक्यातल्या एका वस्तीत मुलांचा वर्ग घेताना आम्ही गाणे म्हणायला सांगितले. सहावी-सातवीची पोरे, उत्साह उदंड. मुखडा एका सुरात म्हटला. आम्ही म्हटले, "पुढे?" पोरे एकमेकांकडे बघू लागली. मग एकाने तोंडाने ठेका धरला, बाकीच्यांनी उचलला. "अरे, पुढचे शब्द?" तर तो म्हणतो, "पुढं शब्द नाहीत सर, पुढं म्युझिकच हाय."

त्या लेकराची चूक नाही. त्याने गाणे जेवढे ऐकले तेवढे त्याला येते. त्याच वस्तीत एक साठीच्या पुढचे गायक राहतात. एके काळी त्यांची पार्टी अकोला, बुलढाणा, हिंगोलीपर्यंत जात असे. आता ते सालभर मजुरी करतात आणि गाण्याला बोलावणे येते ते जलदान विधीला. जयंतीच्या मंडळाने त्यांना दिलेली वेळ म्हणजे मिरवणूक निघण्याआधीचा अर्धा तास, तोही पाहुणे उशिरा आले तर भरून काढायला. बिदागी म्हणून शाल आणि नारळ. डीजेची सुपारी मात्र महिनाभर आधी ठरते, आगाऊ रक्कम जाते, आणि वर्गणी कमी पडली तर मंडळ उसनवारी करते. ही वर्गणी देते कोण? रोजाने सोयाबीन सोंगणारी बाई देते. तिला विचारले पाहिजे की बाई, तुला काय ऐकायचे आहे.

"डीजे नसला तर पोट्टे येतच नाहीत," असे मंडळांचे म्हणणे असते. त्यात तथ्य आहे आणि आम्ही ते झटकून टाकत नाही. पण ठेका आणि शब्द यांचे वैर आहे, हे गृहीत कुणी धरले? जमैकातल्या किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत साठच्या दशकाअखेरीस असेच मोठमोठे साउंड लावून नाच चालत. तिथे गाण्यातला आवाज काढून टाकून नुसता ठेका असलेली तबकडी काढायची पद्धत पडली. मग काय झाले? त्या रिकाम्या जागेत यू-रॉयसारखे वस्तीतले तरुण माईक घेऊन स्वतःचे शब्द बोलू लागले. पुढे रॅपची जी मोठी नदी झाली तिचा एक झरा तिथला आहे. जागा रिकामी केली आणि ती गरिबाच्या शब्दांनी भरली, म्हणजे कर्डकांच्या जलशाचेच काम! आपल्या शेजारच्या अमरावतीचा हंड्रेड आरबीएच हा रॅपर वऱ्हाडी बोलीत जातीवर बोलतो, आणि हीच पोरे ते शब्द न् शब्द पाठ करतात. म्हणजे पोरांना शब्द नको आहेत, ही अफवा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात तर नुसत्या एकतारीवर गातात. त्यांचे गाणे मोबाईलवरून घरोघरी गेले तेव्हा कुठला बेस होता त्यात?

आमचे मागणे म्हणूनच साधे आहे. डीजे लावा, पण सुपारी देताना लिहून घ्या की निदान दहा गाणी अखेरच्या अंतऱ्यासकट वाजतील. गाणे सुरू होण्याआधी माईकवर कवीचे आणि गायकाचे नाव घेतले जाईल. त्याला दहा सेकंद लागतात. डीजेचे स्वतःचे नाव त्याहून जास्त वेळ घुमते. आपलीच मुले डीजे आहेत, त्यांनी नव्या पद्धतीने जुळणी करावी, अंतऱ्याखाली ठेका धरावा, नाममुद्रेवर ठेका थांबवावा आणि बघावे गर्दी काय करते ते. मिरवणुकीचा जेवढा खर्च, त्याचा काही ठरावीक वाटा स्थानिक गायन पार्टीला, आणि तो मिरवणुकीच्या दिवशी, चौकात, मोठ्या आवाजात. विहाराच्या कोपऱ्यात नव्हे. जे नामवंत गायक आहेत, विशेषतः शिंदे घराण्याची तिसरी पिढी, त्यांच्याकडून आमची अपेक्षा जास्त आहे. आजोबांच्या गाण्यांचा नाचता येईल असा अल्बम त्यांनीच काढावा, कवींची नावे ठळक छापून, त्यांच्या वारसांचा हिस्सा काढून. आम्ही नाचायला येऊ.

आणि एक काम आम्ही आमच्या परीने सुरू करत आहोत. मालेगाव तालुक्यातल्या जुन्या गायकांच्या घरी गाण्यांच्या वह्या आहेत. कुणाच्या शाळेच्या वहीत, कुणाच्या सावकारी खातेवहीत उतरवलेल्या. काही वाळवीने खाल्ल्या, काही रद्दीत गेल्या. ज्या उरल्या आहेत त्यांतले प्रत्येक गीत पहिल्या ओळीपासून कवीच्या नावापर्यंत आम्ही उतरवून घेणार आहोत. मूळ वही घरीच राहील, आम्ही फक्त मोबाईलवर पानांचे फोटो काढू. आपल्या आजोबांची, चुलत्यांची, आईची अशी वही पेटीत पडून असेल तर यंदा जयंतीच्या वर्गणीला येणाऱ्या पोरांजवळ निरोप द्या. आम्ही घरी येऊ.

जयभीम.